आधी विचारून घेणाऱ्या कर्णिक मॅडम

मृदुला कर्णिक यांची आणि माझी पहिली भेट झाली ती रोह्याच्या आमच्या ऑफिसात, माझ्या मुलाखतीच्या वेळी. मी नुकतीच पदवी घेऊन आले होते. प्रमाणपत्रं फाइलला नीट लावली होती आणि कॉम्प्युटरच्या ज्या ज्या भाषा मला येतात असं मला वाटत होतं त्यांची नावं घोकून आले होते. मॅडमनी फाइल उघडलीच नाही. मी गागोद्याकडच्या गावातली, घरी भाताची आणि वालाची शेती, एवढं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे लावणीला माणसं कशी ठरतात?”

मला वाटलं, बाई गप्पा मारताहेत. खरी मुलाखत पुढं असेल. मी सांगितलं, आज आपण त्यांच्या शेतावर जायचं, उद्या ते आपल्याकडे येतात. “आणि त्यांच्यातलं कुणी तापानं पडलं तर?” घरातलं दुसरं कुणी येतं. “घरात दुसरं कुणी नसलं तर?” मग शेजारचं. “आणि शेजाऱ्यांशी भांडण असलं तर?” असं करत करत आमच्या वाडीतली सगळी भांडणं मी त्यांच्यापुढे मांडली. शेवटी त्या म्हणाल्या, “सोमवारी या.” कॉम्प्युटरचं नावसुद्धा निघालं नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “काय गो, काय इचारलं?”

“लावणीचं.”

“मंग नोकरी शेतावरच हाय का काय?”

आईची शंका रास्त होती. पण मॅडमना जे बघायचं होतं ते त्यांनी बघून घेतलं होतं. एखादं काम डोक्यात उभं करून ते कुठे कुठे अडेल हे या मुलीला सुचतं का, एवढंच त्यांना हवं होतं. बाकीचं पुस्तकात मिळतं, असं त्या म्हणायच्या.

मॅडमची ओळख या गौरवग्रंथाच्या सगळ्याच वाचकांना असेल असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्या मूळच्या पेणच्या. यजमान, आम्ही त्यांना कर्णिक सर म्हणतो, शाळेत भूगोल शिकवत आणि आता निवृत्त आहेत. रोह्यात आमचे मालक अण्णा यांनी सॉफ्टवेअरचं लहानसं ऑफिस काढलं, तेव्हापासून मॅडम तिथे होत्या. आम्ही कंपन्यांच्या स्टोअरचे प्रोग्रॅम केले, दवाखान्यांचे केले, भाताच्या गिरण्यांचे केले, पेणच्या गणपतीच्या कारखान्यांचेही केले. मोठी नावं आमच्याकडे कधी नव्हती. मात्र आमचा प्रोग्रॅम बंद पडला म्हणून कुणाचं काम अडलं, असंही फारसं घडलं नाही, आणि याचं श्रेय अण्णा स्वतः उघडपणे मॅडमना देत.

त्यांची कामाची रीत दोन गोष्टींवर उभी होती. पहिली म्हणजे, ज्या माणसासाठी प्रोग्रॅम करायचा त्याच्या शेजारी एक अख्खी शिफ्ट बसून यायचं. त्याआधी एक ओळही लिहायची नाही. मला पहिल्याच महिन्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथला माणूस दोन तास माझ्याकडे संशयानं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “बाय, तुमी इन्स्पेक्शनला आल्यात काय?”

“नाय, नुसतं बघायला.”

“बघायचा पगार मिलतो? आमालापन सांगा की कुठं मिलतो तो.”

दुसरी गोष्ट म्हणजे आमची बैठक. तिचं अधिकृत नाव काहीतरी लांबलचक होतं. अण्णांनी तिला ‘नाट बैठक’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. चांगल्या कामाला नाट लावू नये असं आपण म्हणतो. मॅडम मुद्दाम एक दुपार नाट लावण्यासाठी राखून ठेवत. आराखडा तयार झाला की सगळे कॉम्प्युटर बंद. खाली चटया अंथरायच्या, गिऱ्हाइकाची माणसंही बोलवायची, आणि सगळ्यांनी मिळून एकच काम करायचं: हे काम कसं कसं बिघडेल ते सांगायचं. मॅडम पेणहून पोह्याचे पापड भाजून डब्यात आणत. ज्यानं नवी अडचण काढली त्याला पापड. ज्यानं आराखड्याची तारीफ केली त्याला काही नाही. अण्णा स्वतः मालक असून अनेकदा बिनपापडाचे घरी गेले आहेत.

बाहेरच्यांना हा सगळा वेळकाढूपणा वाटे. मलाही सुरुवातीला वाटायचा. पण त्या चटईवर जे बोललं जाई त्यानं पुढचे कितीतरी महिने आमचे फोन शांत राहत, हे मी स्वतः अनुभवलं.

मॅडमच्या माणुसकीबद्दल बाकीचे लिहितीलच. मी एकच गोष्ट सांगते. मी आणि त्या संध्याकाळी रोह्याहून एकाच गाडीनं पेणला यायचो. पेणहून आमच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्या गाडीला जेमतेम जोडून होती. ती चुकली की माझी पंचाईत. मी कधी काही बोलले नव्हते. एकदा एका कंपनीचे साहेब आमच्या आराखड्याचा मोठा कागद बघत होते. त्यात रोजच्या कामाच्या शेवटी लाल चौकट होती आणि आत माझ्या नावानं लिहिलं होतं: ‘कविताची एसटी’. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, “ही कुठली सिस्टीम? आमच्याकडे पण बसवायची आहे का?” मॅडम तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, “ही बंद पडली तर बाकीचं सगळं बंद पडतं, साहेब.” माझं लग्न होऊन मी पेणला राहायला येईपर्यंत ती चौकट प्रत्येक आराखड्यात होती. कुठलीही मीटिंग तिच्यापलीकडे गेली नाही.

आता ज्या कामामुळे मला हा लेख लिहावासा वाटला, आणि लिहवतही नव्हता, त्याकडे येते.

पेणच्या एका गणपतीच्या कारखानदारांसाठी आम्ही फार वर्षांपूर्वी प्रोग्रॅम केला होता. त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्याकडे आसपासच्या गावांतली घरं पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती सांगतात. आषाढात घरचा पाट त्यांच्याकडे आणून द्यायचा, पाटाच्या मागे नाव घालायचं, आणि चतुर्थीला तयार मूर्ती त्याच पाटावर बसवून घेऊन जायची. त्या कामाच्या नाट बैठकीला काका आणि काकू दोघं रोह्याला आले होते. पापड संपत आले, अडचणीही संपत आल्या. मॅडम मात्र डबा बंद करायला तयार नव्हत्या. त्या काकूंकडे वळून म्हणाल्या, “काकू, पाट आलाय, मूर्ती तयार आहे, आणि तरी माणूस न्यायला येत नाही. असं कधी होतं?”

काकू मग म्हणाल्या, “घरात कोण गेलं तर.”

पुढची सगळी दुपार त्या एका वाक्यावर गेली. सुतक आलं की गणपती आणता येत नाही. पण ते घर मूर्ती रद्द करत नाही. रद्द हा शब्दच तिथे कुणी उच्चारत नाही. दहाव्या-बाराव्यातलं घर पाट मागायलाही येत नाही. गावातलं कुणीतरी निरोप देतं, काका पाट उचलून वरच्या फळीवर ठेवतात, मूर्ती झाकून बाजूला करतात आणि त्या घराला कसलीही आठवण करून देत नाहीत. मॅडमनी हे सगळं विचारून विचारून घेतलं. निरोप कोण देतं? घरचा माणूस की शेजारी? नाव चुकीचं सांगितलं तर? मग आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘पाट थांबला’ अशी एक खूण आली. ती लागली की त्या घराला काहीही जायचं नाही. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गावाला कारखान्यातल्या माणसानंच फोन करायचा, प्रोग्रॅमनं परस्पर काही कळवायचं नाही, असंही ठरलं. हा प्रोग्रॅम दिसायला अगदी साधा होता. कितीतरी चतुर्थ्या त्यानं मुकाट्यानं पार पाडल्या.

अण्णा थकले आणि ऑफिस त्यांच्या मुलाकडे, निखिलकडे आलं. निखिल गुणी आहे, कष्टाळू आहे. मॅडमनी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेला. त्याच सुमारास एआयची साधनं आली, काम सांगितलं की कोड लिहून देणारी. जे लिहायला आम्हाला महिना लागायचा ते चहा संपेपर्यंत समोर यायला लागलं. मॅडम त्याला घाबरल्या नाहीत, की त्यांनी नाकही मुरडलं नाही. उलट एका दुपारी त्या स्वतः अशा एका साधनापुढे बसल्या आणि मला शेजारी बसवलं. त्यांनी मुद्दाम अर्धवट काम सांगितलं: दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्रॅम कर. कुठला दवाखाना, किती डॉक्टर, काही सांगितलं नाही. त्यानं एकही प्रश्न न विचारता अख्खा प्रोग्रॅम लिहून दिला, वर काम छान झाल्याचंही सांगितलं.

मग मॅडमनी लिहिलं, काही लिहू नकोस, आधी मला प्रश्न विचार. आणि काय सांगू, त्यानं चांगले प्रश्न विचारले! डॉक्टर मधेच ऑपरेशनला गेले तर? एकाच नावाचे दोन पेशंट असले तर? मॅडम लहान मुलीसारख्या खूश झाल्या. “अगो, याला येतं की! याला पापड द्यायला हवा.” थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “याला येतं, कविता. पण याला बसवणार कोण चटईवर?”

हे असं का होतं, यावर त्या पुढं गाडीत पुष्कळ बोलायच्या. त्यांचं म्हणणं मला समजलं तसं लिहिते. यंत्राला उतावीळपणा जन्मजात नाही. त्याला जे बक्षीस मिळतं ते उतावीळपणाचं आहे. विकणारे सांगतात किती पटकन झालं, घेणारे विचारतात किती पटकन होईल. पडद्यावर काही हललं की काम झालंसं वाटतं, आणि विचार केलेला पडद्यावर दिसत नाही. शुक्रवारी गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, चटईवरची दुपार? शिवाय हे यंत्र शिकलं कशावरून? माणसांनी लिहून पुऱ्या केलेल्या कोडवरून. तो लिहिण्याआधी माणसं जे बोलली, भांडली, गप्प बसली, ते कुणी कुठे ठेवलंच नाही. आमच्या नाट बैठकांचं एक अक्षर कुठल्या कॉम्प्युटरवर नव्हतं. तेव्हा तर ते बंद असायचे. आणि उत्तर इतकं लवकर येतं की प्रश्न पुरता विचारायची गरजच माणसाला वाटत नाही. यात दोष यंत्राचा थोडा आणि आपला जास्त, असं त्या म्हणायच्या. हे म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत असायच्या.

गेल्या वर्षी काकांच्या कानावर आलं की दुसऱ्या एका कारखान्याचा नवा प्रोग्रॅम आलाय, त्यात मूर्ती मोबाइलवर गोल फिरताना दिसते आणि गाडी परस्पर घरी जाते. काकांनी निखिलला घाई केली. श्रावण तोंडावर आला होता. निखिलनं एआयच्या साधनाकडून नवा प्रोग्रॅम करून घेतला. दोन-चार दिवसांत तो उभा राहिला आणि दिसायला खरोखर देखणा होता. मी तेव्हा दवाखान्याच्या कामात होते, पण ऑफिस लहान असल्यामुळे सगळं कानावर पडत होतं. मॅडम निखिलच्या टेबलाशी गेल्या आणि फक्त एक दुपार मागितली.

“मॅडम, दुपार कशाला?” निखिल अगदी आदरानं म्हणाला. “आता काही चुकलं तर मिनिटात दुरुस्त होतं.”

“काय दुरुस्त होतं, निखिल?”

“प्रोग्रॅम.”

मॅडम जागेवर जाऊन बसल्या.

निडी गावात काकांकडे मूर्ती सांगणारं एक घर आहे. घरातला कर्ता मुलगा, महेश, चतुर्थीच्या आधी चार-सहा दिवस कामावरून येताना अपघातात गेला. लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती. पदरात एक लहान मूल. त्याच्या भावानं रीतीप्रमाणे कारखान्याला निरोप दिला. फोन घेणाऱ्या मुलीनं ‘पाट थांबला’ ही खूण शोधली. नव्या प्रोग्रॅममध्ये ती नव्हतीच. कुणी ती सांगितली नव्हती, आणि यंत्रानं विचारली नव्हती. तिला ‘रद्द’ असं बटण दिसलं, पण ते दाबायला तिचा हात होईना. कसा होईल? शेवटी तिनं शेरा लिहायच्या जागेत नीट लिहिलं: घरी दुःखद घटना, मूर्ती पाठवू नये. तो शेरा माणसानं वाचला असता तर सगळं टळलं असतं. प्रोग्रॅम तो वाचत नव्हता.

हरतालिकेच्या दिवशी महेशच्या मोबाइलवर निरोप गेला की आपले बाप्पा निघाले आहेत. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तो पुन्हा गेला, आणि पुन्हा गेला. घरात त्या मोबाइलला कुणी हात लावत नव्हतं, तो कोनाड्यात वाजत राहिला. दुपारी टेम्पो आला. टेम्पोवाल्याला पुढे आणखी गावं करायची होती. ओट्यावर पाट, पाटावर कापडानं झाकलेली मूर्ती ठेवून तो गेला. त्या आळीत सगळी एकच भावकी. म्हणजे सगळ्यांनाच सुतक. मूर्तीला हात लावू शकेल असं शेजारीपाजारी एकही माणूस नव्हतं.

भावाचा फोन काकांना आला, काकांचा ऑफिसला. निखिलचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं लगेच साधन उघडलं, काय झालं ते सांगितलं आणि खरोखरच काही मिनिटांत प्रोग्रॅम दुरुस्त झाला. “आता पुन्हा असं होणार नाही, मॅडम,” तो म्हणाला. मॅडमनी पर्स उचलली होती. मला म्हणाल्या, “चल.” आम्ही मिळेल त्या गाडीनं निडीला उतरलो.

महेशची आई ओट्याच्या कडेला, मूर्तीपासून लांब बसली होती. आम्ही कोण ते कळल्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “दारात आल्याला देव हाय, बाय. आत घेता येत नाय, मागं धाडता येत नाय. आमचं काय चुकलं सांग.”

कर्णिक मॅडम अंगणात, जमिनीवर बसल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखरेच होते. म्हणाल्या, “आजी, तुमचं काय एक चुकलेलं नाय. चूक आमची हाय. आमच्या मशीननं केली आणि आम्ही बघितली नाय.” हा प्रोग्रॅम त्यांनी केला नव्हता. त्यांनी फक्त एक दुपार मागितली होती, आणि ती मिळाली नव्हती. पण यातलं अवाक्षर त्यांनी तिथे काढलं नाही.

मग दारातून महेशची बायको, वैशाली, बाहेर आली. तिनं जे विचारलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लिहू का, असं तिला विचारून मगच लिहिते आहे. तिनं विचारलं, “ह्यांच्याच फोनवर आला ना निरोप? ह्यांच्या नावानं आला. ह्यांनी आधी काय सांगून ठेवलं होतं काय?”

तिला वाटलं होतं की जाणाऱ्यानं आपल्यासाठी काहीतरी मागे ठेवलंय. मॅडमना तिला सांगावं लागलं, “नाय गो बाय. ते मशीननं आपोआप धाडलं.” त्या मुलीचा चेहरा मी पाहिला. निखिलच्या पडद्यावर तोवर सगळं दुरुस्त झालेलं होतं. इथलं काय दुरुस्त होणार होतं? मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा राग आला, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मॅडमनी मग त्यांना जे येत होतं तेच केलं. त्या विचारत गेल्या. “आजी, मी मूर्ती माझ्या घरी पेणला न्यावी का? आमच्याकडे गणपती नसतो, भावाकडे असतो. चालेल का तुम्हाला?” आजीनं मान हलवली. “तुमच्याकडे किती दिवस?” दीड दिवस. “नैवेद्याला काय करता?” आजी सांगायला लागली. मोदक, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं; बिरड्यात गूळ किती, मोदकाला उकड कुणाच्या हातची. “आरतीला आधी कुठली?” तेही सांगितलं. महेशचा भाऊ मला बाजूला हळूच म्हणाला, “दादा गेल्यापासून आय बोललीच नव्हती. आज बोलली.”

रिक्षात मॅडम मूर्ती मांडीवर घेऊन बसल्या आणि पाट मी धरला. कर्णिक सर देवदेव करणारे नाहीत, पण त्यांनी काही न विचारता आपलं पुस्तकांचं टेबल रिकामं करून धुतलं. दीड दिवस त्या घरात निडीच्या घराची पूजा झाली, निडीच्या घराचा नैवेद्य झाला. पाट मॅडमनी स्वतः, सुतक फिटल्यावर, नेऊन दिला.

त्यानंतर त्यांनी निखिलकडे पुन्हा बैठक मागितली. तो लगेच हो म्हणाला, अगदी मनापासून. पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणाला. पुढच्या आठवड्यात नवं गिऱ्हाईक आलं, मग दिवाळी आली. ती बैठक झाली नाही. त्याच्यानंतर एकही झालेली नाही. साठी पूर्ण व्हायच्या आधीच मॅडमनी काम सोडलं. निरोप समारंभात निखिल रडला, आणि ते रडणं खरं होतं. चटया अजून ऑफिसच्या माळ्यावर आहेत.

संपादक मंडळानं लेख प्रसन्न असावा असं सुचवलं आहे. साठीच्या गौरवग्रंथात रडगाणं शोभत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या गोष्टीसाठी आपण या बाईंचा सत्कार करतो आहोत ती गोष्टच आपण बंद केली, हे लिहिलं नाही तर माझा लेख खोटा ठरेल. आम्ही त्यांना शाल देऊ, श्रीफळ देऊ. त्यांना हवी होती ती एक दुपार.

आणि तरी एक गोष्ट सांगायची राहिली.

यंदाच्या आषाढात वैशाली पाट घेऊन पेणला आली. वर्ष पुरं व्हायचं होतं, पण गणपती बंद ठेवायचा नाही असं घरी ठरलं होतं. ती कारखान्यात गेली नाही, मॅडमच्या दारात आली. मॅडम म्हणाल्या, “अगो, मी आता त्या कामात नाही.”

“नसूं दे. तुमी इचारता. तुमच्यासंगंच जाऊन देते.”

मॅडमनी मला फोन केला आणि आम्ही तिघी काकांच्या कारखान्यात गेलो. फोन घेणाऱ्या मुलीनं मोबाइल नंबर विचारला. वैशालीनं सांगितला, घरात आता तोच नंबर चालू होता. मुलीनं तो टाकला आणि पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत आलं: पुन्हा स्वागत, महेश!

हे कुणी दुरुस्त केलं नव्हतं. गेल्या वर्षी जेवढं मोडलेलं दिसलं तेवढंच जोडलं होतं. ती मुलगी गडबडली, पडदा झाकायला गेली. काकांनी मान खाली घातली. मॅडमच्या ओठांवर आलेलं मला दिसलं की हे नाव आत्ताच्या आत्ता काढा. मला वाटलं, आता त्या खरंच चिडणार, आणि मला ते हवंच होतं. पण त्या थांबल्या. वैशालीकडे वळल्या आणि तिला विचारलं, “काय करूया? काढू?”

वैशाली पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “र्‍हाऊ दे. रेशनवरनं काढलं, बँकेतनं काढलं. एका जागी र्‍हाऊ दे.”

मॅडमनी मुलीला सांगितलं, नाव तसंच ठेव, फक्त फोन केलास तर वैशालीताई म्हणून कर. आणि पाटाच्या मागे त्यांनी स्वतः खडूनं नाव घातलं: महेश. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या माझा दंड धरून चालत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, “कविता, मी विचारलं नसतं तर मी ते काढायला लावलं असतं गो. माझ्याच हातानं.”

मॅडम, हे मात्र तुम्हालाच सांगते. साठ वर्षं झाली, आता गुडघ्यांकडे बघा, जिने चढू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध वेळेवर घ्या. तुम्हाला खूप मोठं आणि बिनदुखण्याचं आयुष्य मिळो, असं आम्ही सगळेच मनापासून म्हणतो. माझा त्यात स्वार्थ आहे, आणि वैशालीचाही. पुढच्या आषाढात ती पुन्हा पाट घेऊन येईल. त्या दिवशी तुम्ही घरी असायला हव्यात.